दाराकडे बघणारी

सर मंगळवारी गेले. सकाळी दूधवाल्याने हाक मारली, दार उघडलं नाही. मी वरून खाली आले. शेजारच्या काकांनी दार ढकललं. सर कॉटवर होते. पाय दाराकडे होते.

मला आधी तळवे दिसले. मग गुडघे, मग छातीवर ठेवलेले हात, आणि या सगळ्याच्या पलीकडे, फार लांब असावा तसा, लहानसा चेहरा. असं चित्र मी पाहिलेलं होतं. सरांनीच एका जुन्या पुस्तकात दाखवलं होतं: येशूचं शव, पायांकडून काढलेलं. "माणूस गेला की सगळे चेहरा बघायला पुढं होतात," सर म्हणाले होते. ते काढणाऱ्या चित्रकाराला ते 'आपला नोकरदार' म्हणत. "आपला नोकरदार दारातच थांबला. जे आधी दिसलं ते आधी काढलं. आणि हे चित्र त्यानं कुणाला दिलं नाही, मरेपर्यंत स्वतःच्या खोलीत ठेवलं."

उशाजवळच्या फळीवर स्टीलचा डबा होता, झाकण काढलेला. त्यात गिलाव्याचा तळहाताएवढा तुकडा कापसावर उभा ठेवलेला होता. तुकड्यावर एक डोळा होता आणि तो दाराकडे, म्हणजे माझ्याकडे, बघत होता. काकांचं तिकडे लक्ष गेलं नाही. मी पुढे होऊन डब्यावर टॉवेल टाकला.

मी सरांची भाडेकरू. सावेडीत त्यांचं छोटं घर आहे. खाली ते राहत, वरच्या खोलीत मी. मी इथल्या कॉलेजात इतिहास शिकवते. ते एका शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलं नव्हतं. खोली दाखवायला आले तेव्हा त्यांनी नळ दाखवला, खिडकीची कडी कशी अडकते ते दाखवलं, आणि मग वर बोट केलं. "आणि हे."

छताला भोक होतं. भोकातून आकाश दिसत होतं. भोकाच्या कडेला गोल कठडा, आणि कठड्यावरून काही बायका आणि मुलं वाकून खाली, माझ्याकडे बघत होती. एक मोर होता. एका बांबूवर टेकवलेला पत्र्याचा डबा अर्धा बाहेर आलेला, त्यात लिंबाचं रोप. सगळं रंगवलेलं होतं, हे कळायला मला क्षणभर लागलं, आणि कळल्यावरही मी एक पाऊल मागे सरले.

"हा डबा पडेल असं वाटतं, सर."

"वाटलंच पाहिजे. म्हणून तर बांबू एकच काढलाय."

"पण मी याच्याखाली झोपणार."

"मांतुआचा राजापण झोपायचा," सर म्हणाले. "त्याच्या डोक्यावर संत्र्याचं झाड होतं. आपल्याकडं लिंबू बरं."

इटलीतलं मांतुआ, पाचशे वर्षांपूर्वीचं. तिथल्या दरबारी चित्रकाराने राजाची एक खोली रंगवली होती, भिंतींवर राजाचं सगळं कुटुंब आणि छताला हे भोक. सर तिथे कधी गेले नव्हते. नगरच्या बाहेर ते पुण्यापलीकडे गेले असतील असं वाटत नाही. पण त्या खोलीतलं प्रत्येक माणूस कुठे उभं आहे हे ते आपल्या गल्लीतल्या घरांसारखं सांगत. चित्रकाराचं नाव मात्र त्यांनी कधी घेतलं नाही. "नाव घेतलं की तो पुतळा होतो. तो नोकरीला होता. सकाळी उठून कामावर जायचा, मालकाला घाबरायचा." म्हणून तो कायम 'आपला नोकरदार'.

"राजा बघा," ते पान उघडून सांगत. "हातात कागद आहे, मागं वळून कारभाऱ्याशी कुजबुजतोय. कागदात काय आहे ते कुणाला माहीत नाही. आता बाकीचे बघा. बायको, पोरं, नोकर. एकाची नजर दुसऱ्याला मिळत नाही. सगळे वाट बघतायत, कुणाचं काय होतंय. राजाच्याच घरात, राजाच्याच भिंतीवर, त्यानं भीती रंगवली. आणि राजा रोज तिच्यासमोर झोपला. त्याला दिसली नाही. याला म्हणतात कारागिरी."

ही नजर घेऊन ते नगरभर हिंडत. चौकात वाढदिवसाचा नवा फ्लेक्स लागला की स्कूटर कडेला घेत आणि मागून हॉर्न वाजत असताना शांतपणे बघत. "हा दरबार," ते म्हणत. "साहेबांच्या खांद्याला खांदा लावून कोण, बघा. गेल्या वर्षी हा तिसऱ्या ओळीत होता. आणि हा कोपऱ्यातला, गॉगलवाला. हा घाबरलाय. याचा फोटो पुढच्या फ्लेक्सवर नसेल." बहुतेक वेळा तो नसायचा. पानवाला विचारायचा, "सर, आमचा नंबर कधी?" सर म्हणायचे, "तू नकोच येऊ. तुझा चेहरा खरा आहे."

एकदा कॉलेजातल्या मुलांपुढे बोलायला मी त्यांना नेलं. निजामशाहीवर बोलायचं होतं. ते म्हणाले, आपल्या नगरच्या दरबारातही चित्रकार होते, मांतुआनंतर शंभर वर्षांनी. एका पुस्तकात त्यांनी सुलतानाला सिंहासनावर काढलं, शेजारी त्याची बेगम. पुढं कुणीतरी बेगमेवर रंग फासला. "कुणी फासला?" एका मुलाने विचारलं. "ते नक्की कळत नाही. पण जागा मोकळी दिसत नाही. बाई गेली, डाग राहिला." मग पाणी प्यायले आणि मुलांना म्हणाले, "चित्रकार घाबरट असतो. पण चित्र नसतं." एवढं बोलून खाली बसले. मुलांना वाटलं, आता सुरू होईल.

घरामागे त्यांनी मोठ्या पिंपात चुना भिजत घातलेला असे. ओल्या गिलाव्यावर रंग लावायचा, म्हणजे गिलावा वाळताना रंग पोटात घेतो. मग तो पुसता येत नाही, छिन्नीने फोडावाच लागतो. त्यासाठी चुना मुरलेला हवा. सर त्या पिंपावर दगड ठेवत आणि कुणालाही झाकण उघडू देत नसत. माणसांबद्दल ते सहज चूक कबूल करत, चुन्याबद्दल कधीच नाही. "माझा चुना आजपर्यंत फसलेला नाही," हे त्यांचं वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं.

पारनेरच्या अलीकडे माळावर एका पुढाऱ्याने बंगला बांधला. दुधाचा धंदा, खडीचा क्रशर, उन्हाळ्यात टँकर. ते युरोपच्या अभ्यास दौऱ्यावर गेले होते आणि तिथे कुणीतरी त्यांना ती मांतुआची खोली दाखवली होती. मोबाईलवर फोटो घेऊन ते सरांच्या दारात आले. "असलं आमच्या हॉलमधी पाहिजे. आमची फॅमिली."

 सरांनी फोटोकडे पाहिलंही नाही. "तुम्ही आत उभे होता? त्या खोलीत? वर बघितलंत? ते झाड... भीती वाटली का?"

"मान दुखली," साहेब म्हणाले.

सर कामाला लागले. रोज स्कूटरवर चुन्याचा डबा बांधून जात. घरात साहेब, त्यांची म्हातारी आई, मुलगा आणि सून. सून नगरचीच, सरांच्या शाळेत शिकलेली. पहिल्या दिवशी चहा ठेवताना ती हळूच म्हणाली, "सर, ओळखलंत का? तुम्ही माझं फुलदाणीचं पान फाडलं होतं." सर खूश होऊन आले. दुसऱ्या दिवशी तेवढे खूश नव्हते. ती बसते तेव्हा पदर डाव्या कानावर ओढून घेते, म्हणाले. बाहेर गाडी वाजली की तिचे डोळे दाराकडे जातात. "आणि मॅडम, ते डोळे. मी इतकी वर्षं पुस्तकात बघतोय ते डोळे."

त्यांनी ते तसेच काढले. चित्रातली सून हॉलच्या खऱ्या दाराकडे बघत होती. दारातून जो आत येईल त्याला आधी ती दिसे. मला त्यांनी फोटो दाखवला तेव्हा चित्र चांगलं आहे असं माझ्या तोंडून निघालं नाही. मी मागे वळून माझ्याच खोलीच्या दाराकडे पाहिलं.

म्हातारीला ते सगळ्यांच्या आधी दिसलं. ती दिवाणावर बसून जपमाळ ओढत असे. एका दुपारी माळ थांबवून म्हणाली, "मास्तर, आमच्या पोरीला कशाचं भ्या वाटतंय वो?" सर म्हणाले, "आजी, चित्र आहे." म्हातारी म्हणाली, "व्हय. पर भ्या खरं हाय." आणि पुन्हा माळ ओढू लागली.

त्याच संध्याकाळी सर स्कूटरला डबा बांधत असताना सून ओट्यावर आली. म्हणाली, "सर, मला हसरं काढा ना."

सरांनी नाही सांगितलं. घरी आले ते चिडून. "फोटो हवा होता तर फोटोग्राफर बोलवायचा. आयुष्यात एक चेहरा खरा उतरला. आपल्या नोकरदाराला राणीनं सांगितलं असतं तर त्यानं बदलला असता?"

मी म्हटलं, "सर, ती घाबरलीय हे तुम्हाला दिसलं. कुणाला घाबरलीय, ते विचारलंत?"

"ते चित्रकाराचं काम नाही."

"आणि घरच्यांनी चित्रातलं ओळखलं तर?"

"तर मला मारतील," सर म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला होता, पण त्या वाक्यात थोडा अभिमानही होता. भिंतीच्या कडेला पानांची नक्षी होती. त्यात त्यांनी स्वतःचा चेहरा लपवला होता, मांतुआच्या भिंतीवर त्या नोकरदाराने लपवलाय तसाच. जोखीम आपली आहे, अशी त्यांची खात्री होती. पाचशे वर्षांपूर्वी ती चित्रकाराची होती, म्हणून आजही त्याचीच असणार.

मग फोन आला. साहेबांनी बोलावलंय. सर दोन घास खाऊन ताटावरून उठले आणि जिन्याखाली येऊन मला हाक मारली. "मॅडम, तुम्ही चला बरोबर. बाईमाणूस असलं की हात उचलत नाहीत."

रस्ताभर ते पुटपुटत होते. मागे बसून मला तुकडे ऐकू येत होते: "मला जे दिसतं... दिसतं तेच मी..." घाटाजवळ त्यांनी स्कूटर थांबवली, रुमालाने हात पुसले आणि परत किक मारली.  आम्ही पुढे गेलो.

हॉलमध्ये साहेब सोफ्यावर होते. म्हातारी दिवाणावर. मुलगा दाराच्या चौकटीला टेकून उभा, हातात गाडीची किल्ली. सून चहाचा ट्रे घेऊन आली आणि आपल्याच चित्राखाली थांबली. मी एकीकडून दुसरीकडे पाहिलं आणि पुन्हा पाहायचं टाळलं.

"सर," साहेब म्हणाले, "काम एक नंबर. पण असंय, चार लोक येत्यात. कुणी मोठा पाव्हणा दारातून आत आला का ही बाई दचकून बघती. त्याला वाटतं, आपलं काय चुकलं."

"पाव्हण्याकडं न्हाई बघत ती," मुलगा म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "कुणाकडं बघती, सर?"

सर उभे राहिले. रस्ताभर पाठ केलेलं वाक्य आता येणार असं मला वाटलं. त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात ट्रेमधल्या कपबश्या वाजायला लागल्या, बारीक, एकसारख्या.

"मीच तशी बसले होते," सून म्हणाली. "सरांची चूक नाही. माझंच ध्यान नव्हतं."

"तुझंच का," मुलगा म्हणाला. "बरं."

एवढंच. पण म्हातारीची माळ थांबली. साहेबांनी कप उचलला आणि त्यात बघत राहिले. मी सरांकडे पाहिलं. त्यांना कळत होतं. मार त्यांना पडणार नव्हता. तो कधीच त्यांना पडणार नव्हता. त्यांना चहा मिळणार होता, शाल मिळणार होती, आणि ते स्कूटरवर बसून घरी जाणार होते.

"त्यांचं नाही," सर मोठ्याने म्हणाले. "चुन्याचं आहे. चुना कच्चा राहिला."

"चुन्यानं डोळं असं व्हत्यात?" मुलाने विचारलं.

"होतात. चुना कच्चा असला की रंग पसरतो. डोळ्याची बाहुली मोठी दिसते. बसणारा कसाही बसू दे. माझा चुना फसला." ते थांबले, मग परत म्हणाले, "माझा चुना फसला. तेवढा भाग फोडून नवा गिलावा करावाच लागणार होता. मी सांगणारच होतो."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. त्याचा विश्वास बसला की नाही, मला सांगता येणार नाही. साहेबांचा बसला, किंवा त्यांनी बसवून घेतला. "मग फोडा की," ते म्हणाले. "आन् जरा हसरी करा. घरात लक्ष्मी हसरी पाहिजे."

सरांनी सर्वांत आधी पानांमधला स्वतःचा चेहरा खरवडला. मग सुनेचा चेहरा छिन्नीने उतरवला. नव्या चुन्यात त्यांनी ती हसताना काढली. चुना जुनाच होता, त्याच पिंपातला, चांगला मुरलेला. जवळून पाहिलं तर त्या हसऱ्या चेहऱ्याभोवती केसाएवढी रेघ दिसते. जुना गिलावा आणि नवा गिलावा तिथे जोडलाय. फोडताना एक तुकडा अखंड निघाला. तो त्यांनी स्टीलच्या डब्यात घालून घरी आणला. जिन्यात बसून मला दाखवला आणि म्हणाले, "ते पुस्तकातल्या बेगमेवर कुणी रंग फासला, विचारत होती ना तुमची मुलं."

त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही. फ्लेक्सपुढे स्कूटर थांबवणंही बंद झालं. कॉट ओढून त्यांनी अशी लावली की पडल्या पडल्या दार दिसावं. दूधवाला पारनेरकडचा, त्याला रोज विचारत, "त्या बंगल्यावर सगळं ठीक ना?" तो म्हणे, "ठीक हाय की. काय व्हनार?" सर म्हणत, "नाही, सहज." आणि पातेलं हातात घेऊन तिथेच उभे राहत.

एके दुपारी फाटकाशी पांढरी गाडी थांबली. मी कपडे वाळत घालत होते. काच खाली झाली. साहेबांचा मुलगा होता. "सर हायेत का?"

"आहेत. बोलावू?"

"नको. बरं." काच वर गेली. गाडी आणखी थोडा वेळ चालू इंजिनावर उभी राहिली आणि मग गेली.

सर दाराआड उभे होते. "काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

सर खाली बसले, जमिनीवरच. "तिला म्हणाला होता तेच," ते म्हणाले. गाडी गेली होती, तरी त्यांचे डोळे दारावरून हलत नव्हते. डॉक्टरांनी नंतर हृदयाचं कारण लिहिलं, ते खरंच असेल. मी त्यांना त्या दिवसापासून जाताना बघत होते.

दहाव्यानंतर त्या दोघी भेटायला आल्या. म्हातारी आणि सून. ड्रायव्हर बाहेर गाडीत बसून होता, दर थोड्या वेळाने फाटकाकडे बघत. सून सरांच्या कॉटकडे बघत उभी राहिली. पदर डाव्या कानावर होता. मी डबा काढून तिच्या हातात दिला.

तिने तुकडा उचलला नाही, नुसती वाकून बघत राहिली. "असे दिसतात माझे डोळे?" म्हणाली.

"तेव्हा दिसत होते."

"सरांनी हसरं काढलं ते बरं केलं. आता कुणी विचारत नाही मला काही." तिने झाकण लावलं. "तुमच्याकडंच राहू द्या. मला घरी नेता येणार नाही."

म्हातारी खुर्चीवर बसून खोली न्याहाळत होती. कडी, खिडकी, मागचं दार. "पोरी," तिने मला विचारलं, "हितं खाली आता कोन ऱ्हानार?"

"कुणी नाही, आजी. सरांची भाची पुण्याला असते. तिने किल्ल्या माझ्याकडेच ठेवल्यात."

"मंग एक मला दे."

मी तिच्याकडे पाहिलं. सून जमिनीकडे बघत होती, पण तिने श्वास धरलेला मला दिसला. म्हातारीने हात पुढेच ठेवला होता. "दे. माजी पिशवी कुनी उचकत न्हाई. त्यात तंबाखू हाय आन् माळ हाय, सगळ्यास्नी म्हाईत हाय."

मी किल्ली दिली. म्हातारीने ती माळेखाली सरकवली आणि नाडी ओढली. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. सुनेचे डोळे दाराकडे गेले. सरांनी काढले होते तसेच होते, काडीचाही फरक नव्हता.

त्या गेल्यावर मी वर जाऊन पडले. कठड्यावरून सगळे वाकून बघत होते. लिंबाचा डबा अजून त्या एका बांबूवर आहे.

बंगल्यातल्या भिंतीवर ती हसते. डोळा माझ्या कपाटात आहे. खालच्या खोलीची एक किल्ली म्हातारीच्या पिशवीत आहे. खोली मी रोज झाडून ठेवते, आणि गाडी थांबल्याचा आवाज आला की जिन्यात येऊन उभी राहते. अजून कुणी आलेलं नाही.